अक्का, ‘मीठ’ नक्की कोणाची होती?

अक्का, रविवारी धुळ्याला तुझी शोकसभा झाली. आधी वर्षाचा फोन आला होता. "रेखामावशी, भाषणं करायला पुष्कळ लोक आहेत. तू आईची एखादी प्रेमकविता वाच. कविता तूच वाचायची." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की तुझी प्रेमकविता कुठली, हेच मला ठाऊक नाही.

कविता ठाऊक आहेत. बहुतेक सगळ्या पाठ आहेत. पण त्यातल्या कशाला प्रेमकविता म्हणायचं यावरून तर आपण इतकी वर्षं भांडत आलो. धुळ्याहून जळगावकडच्या कार्यक्रमाला एकत्र निघालो की एसटीत पारोळा मागे पडताच आपला वाद सुरू व्हायचा. एरंडोल जवळ आलं की तू म्हणायचीस, "जरा डोळे मिटते," आणि खरंच झोपून जायचीस. वाद तिथेच राहायचा. मला वाटायचं, पुढच्या खेपेला बघू. आता तो पुढे न्यायला मी एकटी आहे आणि एकटीला भांडता येत नाही. सारखी मी तुझी बाजू घेते, मग माझी घेते, आणि शेवटी कुठली कोणाची तेच कळेनासं होतं.

पाचोऱ्याच्या कविसंमेलनात मी तुला पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा मी अगदी नवखी होते. जळगावला आमचं औषधांचं दुकान. सतीश आणि मी दिवसभर काउंटरला. गिऱ्हाईक नसलं की गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यावर चार ओळी खरडायच्या, एवढाच माझा कवितेशी संबंध. तू धुळ्याच्या शाळेतली बाई, पन्नाशीला टेकलेली, खांद्याला कापडी पिशवी. तुझा नंबर आला आणि माईक बंद पडला. आयोजक धावपळ करू लागले. तू स्टेजवरून खाली उतरलीस, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभी राहिलीस आणि वर्गात म्हणावी तशी खणखणीत आवाजात ‘सायकल’ म्हटलीस.

वेणी अर्धी घालून झाली होती,
घंटी वाजली.
उरलेले केस अजून
वाऱ्यावरच आहेत.

एवढीच कविता. मागे बसलेले, मार्केट यार्डातून आलेले लोक, जे जेवणासाठी थांबले होते, तेसुद्धा म्हणाले, "बाई, पुन्हा म्हणा." तू पुन्हा म्हटलीस.

चहाच्या वेळी मी तुझ्यापाशी आले आणि ओळखपाळख नसताना विचारलं, "कोण होता तो?" तू बशीतला चहा संपवलास. म्हणालीस, "सायकल होती, एवढं आठवतं. वर बसलेला माणूस मी नंतर बसवला." मग माझ्याकडे पाहून, "तुझं नाव काय? तुझी कविता बरी होती. त्यातला तो चंद्र काढून टाक."

मी तो चंद्र काढला. त्यानंतर तू माझ्या कवितांतून काय काय काढायला लावलंस ते सांगत बसले तर दिवस जाईल. मला जे थोडंफार लिहिता येतं, ते तू जे काढायला लावलंस त्यामुळे येतं. हे तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "हेही वाक्य काढ."

तुझ्या नवऱ्याला, भाऊजींना, मी पुढे पाहिलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी, उंच, आवाज मोठा, बोलणं कमी. तुझ्या कुठल्याही कार्यक्रमाला ते कधी आले नाहीत. पण तू निघालीस की स्कूटरवर बसवून तुला स्टँडवर सोडायचे आणि ओळखीच्या कंडक्टरला सांगून पुढची, खिडकीची जागा धरून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "बघ, किती काळजी आहे." तू खिडकीबाहेर पाहत म्हणालीस, "सीट धरतो. हात धरत नाही."

मी हसले. तू हसली नाहीस. हे विनोदाने म्हणालीस की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

मग तो धुळ्यातला, तुमच्या देवपूरच्या घरचा दिवस. संध्याकाळी तुमच्याच भागात कार्यक्रम होता म्हणून मी दुपारी घरी आले. दार उघडं होतं. आत जमिनीवर ताट उपडं पडलं होतं. भरीत भिंतीपर्यंत उडालेलं, कळण्याची भाकरी मोरीच्या उंबऱ्याशी जाऊन पडलेली. भाऊजी माझ्या अंगावरूनच बाहेर निघून गेले. तू फडक्याने फरशी पुसत होतीस. मी विचारलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "मीठ जास्त झालं." एवढं बोलून तू उठलीस, हात धुतलेस आणि मला म्हणालीस, "जेवाले बठ. चांगलं झालंय, मी चाखलंय."

त्या संध्याकाळी तू ‘सायकल’ म्हटलीस. त्याच आवाजात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसून तुझ्या हातांकडे पाहत होते आणि मला तुझा राग आला. बाहेर आल्यावर म्हटलं, "घरी ते, आणि इथे हे? कुणाला फसवतेस?"

तू म्हणालीस, "तुला वाटतं, घरी ते आहे म्हणून मी इथे हे रचते. तसं नाही गं. दोन्ही आहे."

"दोन्ही कसं असेल?"

"ते मला विचारू नको. मी कवयित्री आहे, डॉक्टर नाही."

पुढच्या उन्हाळ्यात तू बॅग घेऊन जळगावला आलीस. मीच किती दिवस सांगत होते की माझ्याकडे ये, माझी वरची खोली रिकामी आहे. या वेळी काय झालं ते तू सांगितलं नाहीस. इतकंच म्हणालीस की शेजारपाजारच्यांसमोर मला घराबाहेर ओट्यावर उभं केलं आणि दार लावून घेतलं. वर्षा तेव्हा लग्न होऊन नाशिकला गेली होती. सतीशने काही विचारलं नाही. वरच्या खोलीत पंखा बसवून दिला.

ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, अक्का. हे म्हणायला बरं वाटत नाही, कारण तुझ्यासाठी ते तसे नव्हते. पण सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसायचीस, मी दुकानात जायच्या आधी पोळ्या लाटायचे, आणि आपण एकेका शब्दावरून हुज्जत घालायचो. एका सकाळी तू बोललीच नाहीस. पाठकोऱ्या बिलांवर लिहीत राहिलीस. मी पोळ्या संपवल्या, गॅस बंद केला, तेव्हा तू वाचून दाखवलीस.

मीठ जास्त झालं तर ताट सरकवतोस,
कमी झालं तर आवाज चढवतोस.
बरोबर झालं त्या दिवसांची
कुठेच नोंद नाही.

ऐक, मी शाप देणार नाही.
फक्त तुझ्याआधी मरणार नाही.
आळणी म्हणजे काय ते तुझ्या जिभेला
कळेपर्यंत मी चुलीशी उभी राहीन.
एवढं एक वैर मी जपून ठेवलंय.

मी ते बिल घेऊन स्वतः वाचलं. मला वाटलं, ही बाई सुटली. आता ही परत जात नाही. आणि कविता माझ्या टेबलावर, माझ्या पोळ्यांच्या वासात लिहिली गेली म्हणून ती मला थोडी माझीही वाटली. तुला मी तसं म्हटलं नाही, मनात मात्र ती माझी धरली.

आणि तू परत गेलीस.

भाऊजी तुला न्यायला आले नव्हते. फोनही नाही. एक दिवस धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर आमच्या दुकानात आला आणि एक पुडकं ठेवून गेला. आत तुझा वाचायचा चष्मा होता, रुमालात गुंडाळलेला. तू माझा जुना चष्मा लावून काम भागवत होतीस. चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. तू तो चष्मा डोळ्यांना लावलास, काढलास, पुन्हा लावलास. दोन दिवसांनी बॅग भरलीस.

"चष्मा पाठवला म्हणून चाललीस?" मी विचारलं.

"शाळा सुरू होतेय."

"अक्का, त्याने माफी मागितली नाही."

"नाही मागितली."

"मग?"

"मग काय. शाळा सुरू होतेय."

मी तुला स्टँडवर सोडायला आले नाही. सतीश आला. त्यावरही आपण पुढे कधी बोललो नाही.

‘मीठ’ तू पहिल्यांदा भुसावळला वाचलीस, रेल्वे कॉलनीतल्या बायकांच्या कार्यक्रमात. तुला वाचायची नव्हती. मीच मागे लागले. म्हटलं, ‘सायकल’ ऐकून लोक खूश होतात, ‘मीठ’ ऐकून कुणाला तरी धीर येईल. तू वाचलीस. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. नंतर एक बाई आली, तुझा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि काही न बोलता निघून गेली. परतताना मी म्हटलं, "बघितलंस? ही तुझी खरी कविता."

"आणि ‘सायकल’ खोटी?"

"ती गोड आहे. ही खरी आहे."

"रेखा, तुला वाटतं जे कडू ते खरं. औषधांच्या दुकानात बसून बसून तसं झालंय तुझं." मग थोडं थांबून म्हणालीस, "ही पण प्रेमाचीच कविता आहे."

मी चिडले. म्हटलं, "यात प्रेम कुठे आहे? यात वैर आहे. तूच लिहिलंयस, शेवटच्या ओळीत." तू म्हणालीस, "ज्याच्याशी काहीच नाही त्याच्याशी कोण वैर जपतं?" मी म्हटलं, "अशी वाक्यं बोलून बायका आयुष्यभर घरात राहतात." तू पिशवी मांडीवर ओढून घेतलीस.  माझ्या मते त्या दिवशी माझं बरोबर होतं. आजही मला तसंच वाटतं, आणि तरी मला सांगता येत नाही की तुझं चूक होतं.

त्यानंतर भाऊजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. वर्षा म्हणत होती, चोवीस तासांची बाई ठेवू. तू नाही म्हणालीस. तोवर तू निवृत्त झाली होतीस. कार्यक्रम बंद केलेस. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे तेव्हा तू त्यांना भरवत तरी असायचीस नाहीतर पुसत तरी. ते हट्ट करायचे, तू रागवायचीस. ज्या माणसाने ताट भिंतीवर भिरकावलं होतं, तो आता मान वळवून घास नको म्हणायचा आणि तू म्हणायचीस, "मुकाट्याने खा." मला ते पाहताना सुडाचं समाधान वाटायचं. मग त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून भात ओघळला की ते समाधान नाहीसं व्हायचं.

त्या काळात तू ‘अंघोळ’ लिहिलीस.

आज तुझी पाठ पहिल्यांदा नीट पाहिली.
इतकी वर्षं ती मला
दाराबाहेर जातानाच दिसायची.

मी वाचली आणि म्हटलं, "अक्का, ही कीव आहे. हे प्रेम नाही." तू मोरीत बादली भरत होतीस. म्हणालीस, "असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल कीव. साबण लावताना मी वेगळं करून बघत नाही गं, हा हात किवेचा आणि हा प्रेमाचा. पाणी गार होतं तोवर."

मी सोडलं नाही. शेवटचा फोन झाला तेव्हाही हेच चाललं होतं आपलं. मी सरळच विचारलं, "एवढं सांग, तुझं त्यांच्यावर प्रेम आहे की नाही?" तू भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "तू विचारलंस की नाही म्हणावंसं वाटतं. वर्षाने विचारलं की हो म्हणावंसं वाटतं."

"आणि कुणी विचारलंच नाही तर?"

"तर मी वरण लावते."

त्यानंतर तू अचानक गेलीस. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना. खाली भाऊजी हाका मारत होते म्हणे. त्यांची हाक नीट उमटत नाही, शेजारच्यांना वाटलं नेहमीसारखंच काहीतरी हवं असेल. याबद्दल मी आणखी काही लिहिणार नाही. मला जमत नाही.

रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये खूप माणसं आली होती. तुझे विद्यार्थी आले होते, आता स्वतःच टक्कल पडलेले. वर्षाने भाऊजींना व्हीलचेअरवर पुढे आणून बसवलं होतं, पांढरा शर्ट घालून. तुझ्या कुठल्याही कार्यक्रमाला न आलेला माणूस पहिल्यांदा आला होता, आणि तू नव्हतीस.

मी दोन कविता घेऊन गेले होते. ‘सायकल’ आणि ‘अंघोळ’. बसमध्ये ठरवत गेले आणि ठरलं नाही. ‘सायकल’ वाचली तर सगळ्यांना बरं वाटेल, पण भाऊजींच्या तोंडावर त्यांच्या बायकोच्या, कुणा दुसऱ्यासाठी मोकळ्या सोडलेल्या केसांची कविता वाचायची कशी? ‘अंघोळ’ वाचली तर त्यांचं उघडं अंग आम्ही चारचौघांत मांडल्यासारखं होईल. ‘मीठ’ मी आणलीच नव्हती. नवऱ्यासमोर, लेकीसमोर, शोकसभेत ती वाचायची गोष्टच नव्हती.

भाषणं झाली. वर्षा माझ्या कानाशी आली. "मावशी, ‘सायकल’ वाच. लोकांना तीच माहीत आहे." मी सुटले. कागद घेऊन उठले. तेवढ्यात भाऊजींनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "मीठ."

कुणाला काही कळलं नाही. पहिल्या रांगेतल्या कुणाला वाटलं की त्यांना चक्कर येतेय. एकजण पाणी आणायला पळाला, दुसरा म्हणाला, "लिंबू-मीठ घालून आण." भाऊजी जोरजोरात मान हलवू लागले. पुन्हा म्हणाले, "मीठ. ती." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

वर्षाला कळलं. तिचा चेहरा उतरला. तिने खाली वाकून हळू आवाजात सांगितलं, "आबा, ती नको. लोक आहेत."

"तीच."

"आबा, ती आईने रागात लिहिली होती."

ते थांबले. त्यांना शब्द गोळा करायला वेळ लागतो. मग म्हणाले, "ती मनी शे."

ती माझी आहे, असं ते म्हणाले, अक्का. माझ्या टेबलावर लिहिलेली, माझ्या घरी, त्यांच्यापासून पळून आलेली असताना. मला त्या क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं की तुमची नाही, भाऊजी, ती तुमच्या विरुद्ध आहे. मी वर्षाकडे पाहिलं. तिने खांदे पाडले. म्हणाली, "वाच मग."

कागद नव्हता. पाठ होती. मी म्हटली. ताट सरकवतोस म्हणताना माझा आवाज कडक झाला, मुद्दाम झाला, मी त्यांच्याकडे पाहूनच ती ओळ म्हटली. त्यांनी नजर वळवली नाही. ऐकत होते, ओठ हलत होते. सारखे माझ्या थोडे पुढे. त्यांना माहीत होती, अक्का. शब्दन् शब्द माहीत होती. ‘तुझ्याआधी मरणार नाही’ ही ओळ आली आणि माझा आवाजच बसला. आजवर ही ओळ मी धमकी म्हणून ऐकत आले होते. त्या हॉलमध्ये, तुझ्या फोटोला हार घातलेला असताना, मला ती म्हणता येईना.  भाऊजींनी ती ओळ पुरी केली, तुटक तुटक. आणि मग, कविता संपायच्या आधीच, म्हणाले,

"खोटं बोलनी ती."

कुणीतरी रडू लागलं. वर्षाने पदर तोंडाशी धरला. मी शेवटच्या ओळी कशाबशा म्हटल्या आणि खाली बसले.

नंतर घरी गेलो. वर्षा पाहुण्यांना चहा देत होती. मी भाऊजींच्या खुर्चीजवळ वेताच्या मोड्यावर बसले. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकटे कधी बसलो नव्हतो. विचारलं, "तुम्हाला ही कविता कशी माहीत?"

ते म्हणाले, "रोज म्हने."

हळूहळू उलगडलं. लकव्यानंतर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. त्यांना ते आळणी जेवण उतरत नव्हतं. प्रत्येक घासाला कुरकुर. मग तू भरवता भरवता ही कविता म्हणायचीस. पहिल्या दिवशी म्हटलीस तेव्हा त्यांना कळलं की ही आपल्यावर आहे, आणि त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलीस. मग रोज. एखाद्या दिवशी विसरलीस तर ते स्वतः म्हणायचे, "मीठ." तू म्हणायचीस, ते घास घ्यायचे.

मला हे तू कधी सांगितलं नाहीस. ‘मीठ’बद्दल आपण इतकं बोललो, आणि तुझ्या स्वयंपाकघरात ती रोज दोन वेळा म्हटली जात होती, ही गोष्ट तू माझ्यापासून बाजूला ठेवलीस. का? मी म्हटलं असतं की हेही चूक आहे, म्हणून? की ती तेवढी त्यांची होती म्हणून?

मी त्यांना विचारलं, "म्हणताना अक्का हसायची का?"

ते विचार करत राहिले. खरंच विचार करत होते, मला बरं वाटावं म्हणून उत्तर शोधत नव्हते. मग म्हणाले, "कधी हासे. कधी नही."

"आणि शेवटच्या ओळीत? वैरच म्हणायची?"

त्यांना माझा प्रश्न चमत्कारिक वाटला. "वैरच," ते म्हणाले. "मग काय?"

मी उठून आत गेले. वर्षाला चहाचे कप धुऊ लागले. मला त्या माणसाची दया येत होती आणि त्या दयेचा रागही येत होता. ज्याने तुला ओट्यावर उभं केलं, त्याने ते कधी कबूल केलं नाही, आणि आता तुझी सर्वात कडवी कविता तो जपमाळेसारखी ओढतोय. त्याला हा हक्क कोणी दिला? मग वाटलं, तूच दिलास, रोज, चमच्याने. मग पुन्हा वाटलं, तुला दुसरा इलाजच काय होता, रोज भरवायचं तर होतंच. मग आठवलं, वर्षा बाई ठेवायला तयार होती. मी कप धूत राहिले. यातलं एकही वाटणं पुढच्या वाटण्याला हटवत नव्हतं.

परवा वर्षाचा फोन आला. तुझ्या कवितांचं पुस्तक काढायचं तिने मनावर घेतलंय. सगळ्या कविता टाइप करून तिने माझ्याकडे पाठवल्या. म्हणाली, "मावशी, विभाग तू पाड. शाळेच्या कविता, गावाच्या कविता, प्रेमकविता. प्रेमकविता सुरुवातीला घेऊ, लोक त्याच आधी वाचतात."

मी कागद काउंटरवर मांडले. दुपारी दुकानात कुणी नसतं. ‘सायकल’ प्रेमकवितांच्या गठ्ठ्यात ठेवली. तिच्याजवळ ‘अंघोळ’ ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. ‘मीठ’ हातात घेऊन बसले. ती बाजूला ठेवली तर भाऊजींवर अन्याय होतो. प्रेमकवितांत ठेवली तर भुसावळच्या त्या बाईवर होतो, जी काही न बोलता तुझा हात धरून उभी होती. मग शाळेच्या कविता वाचू लागले, तर फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या एका लाजऱ्या मुलीच्या कवितेतही मला तूच दिसलीस, आणि ती प्रेमाची नाही असं मला म्हणता येईना. पांझरा नदीच्या कोरड्या पात्रावरची कविता घेतली, तीही तशीच. सतीश मागच्या खोलीतून आला, पसारा पाहून म्हणाला, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "कळलं की सांगते."

संध्याकाळी मी वर्षाला फोन केला. म्हटलं, "विभाग नकोत. तिने जशा लिहिल्या त्या क्रमाने घे."

"मग प्रेमकविता कुठल्या, ते वाचणाऱ्याला कसं कळणार?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही कळणार, वर्षा. मला तरी कुठे कळलंय?"

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मावशी, मलाही नाही."